झिलई, तडा आणि लेसर

देवगिरी-दौलताबादच्या किल्ल्यात शिरावे, चांद मिनार मागे टाकावा आणि अंधारीच्या दिशेने चढू लागावे, म्हणजे वाटेत एक पडकी इमारत लागते. तिचे नाव चिनी महाल. आपल्या शहरातील शाळकरी मुलालाही हे नाव ठाऊक असते आणि त्यामागची करुण कथाही ठाऊक असते. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह १६८७ साली औरंगजेबाच्या हाती लागला, येथे आणून कोंडला गेला आणि मरेपर्यंत सुटला नाही. खुलताबादेस त्याची कबर आहे. सहलीला आलेली मंडळी ही कथा ऐकतात, हळहळतात आणि पुढे अंधारीतील गमती पाहावयास निघून जातात. ज्या वस्तूवरून महालाला नाव पडले तिच्याकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते. या भिंतींवर एके काळी निळ्या-पांढऱ्या झिलईच्या फरश्या जडविलेल्या होत्या. त्यांचे काही तुकडे अजून शिल्लक आहेत. चांद मिनारावरही अशा रंगीत फरश्या होत्या, आणि बीदरला महमूद गावानाने १४७२ साली बांधलेल्या मदरशाच्या दर्शनी भागावर त्या आजही पुष्कळ दिसतात. गावान हा मूळचा इराणातील गिलान प्रांतातला. दख्खनच्या काळ्या दगडावर हे निळे लेणे चढविण्याची हौस इराणाकडूनच आली.

राजे गेले, त्यांच्या कबरी राहिल्या आणि त्यांच्या फरश्यांची झिलई उडाली, इतके म्हणून हा विषय संपविता येईल. परंतु झिलई का उडते, तिला तडे का जातात, हा प्रश्न चिनी महालाबरोबर जुना झालेला नाही. आज जगातील मोठमोठ्या प्रयोगशाळांत लेसरचा किरण टाकून सिरॅमिकचा पृष्ठभाग वितळवितात, गुळगुळीत करतात, टणक करतात. आणि तेथील शास्त्रज्ञ ज्या अडचणीशी झुंजत आहेत ती जुन्या फरशीवाल्याचीच अडचण आहे, फक्त शतपटीने तीव्र झालेली. तेव्हा या एका अडचणीचाच इतिहास आज सांगावयाचा आहे.

प्रथम कुंभाराकडे जाऊ. साधे मडके भाजले तरी सच्छिद्र राहते; म्हणून तर त्यात पाणी गार होते. ते पाणी आतच राहावे, मातीवर रंग चढावा, हात फिरविला तर गुळगुळीत लागावे, यासाठी मडक्यावर काचेचा पातळ थर चढवितात. हीच झिलई. वाळू, क्षार आणि धातूंची भस्मे यांचे पाणी करून फरशीवर फासावयाचे आणि भट्टीत घालावयाचे. निळ्या रंगासाठी कोबाल्ट, हिरवट-निळ्यासाठी तांबे, दुधी पांढऱ्यासाठी कथील. भट्टी तापली की हा लेप वितळून काच होतो आणि अंगाला बिलगतो. इथवर सारे सरळ आहे. खरी परीक्षा भट्टी निवताना होते.

कोणताही पदार्थ निवताना आक्रसतो, पण सारे पदार्थ सारखे आक्रसत नाहीत. काच घट्ट झाली, सुमारे पाच-सहाशे अंश सेल्सियसच्या खाली आली, म्हणजे तिला आता वाहता येत नाही. ती अंगाला चिकटलेली राहून आक्रसू पाहते. खालचे अंग तिच्याइतकेच आक्रसले तर ठीक. काच अधिक आक्रसू लागली तर तिची गत तंग अंगरख्यासारखी होते. शिवण उसवावी तशी ती जागोजागी फाटते आणि फरशीवर केसासारख्या चिरांचे जाळे उमटते. उलट काच अंगापेक्षा थोडी कमी आक्रसली, तर अंग तिला चहूबाजूंनी दाबून धरते, आणि दाबलेली काच सहसा फुटत नाही. म्हणजे एकाच भट्टीतून, एकाच आगीतून, एक फरशी तडकलेली निघते आणि दुसरी पूर्वीपेक्षा बळकट होऊन निघते. फरक असतो तो हजारात एखाद्या भागाचा. चिरेतून पावसाचे पाणी आत शिरते, त्याबरोबर क्षार जातात आणि वर्षानुवर्षांनी झिलई पापुद्र्यासारखी सुटते. ज्या झिलईत सोडा व पोटॅश यांसारखे क्षार अधिक असतात ती अधिक आक्रसते, म्हणून अशा निळ्या फरश्यांना या रोगाची भीती विशेष. चीनमधील सोंग काळातल्या कारागिरांनी तर या दोषालाच अलंकार केले. मुद्दाम चिरा पाडून त्यांत काळा रंग भरला. कुंभाराच्या हातात चतुराई असली म्हणजे तो आपली चूकही विकू शकतो!

पुढे या अनुभवाला हळूहळू शास्त्राचे रूप आले. भट्टी किती तापली हे मोजावयास पूर्वी साधन नव्हते; भाजणारा आगीच्या रंगावरून ओळखत असे. इंग्लंडातील प्रसिद्ध कुंभार जोसाया वेजवुड याने १७८२ साली मातीच्या लहान गोट्या भट्टीत घालून त्या किती आटल्या यावरून उष्णता मोजण्याची युक्ती काढली, आणि तेवढ्यावर पुढच्याच वर्षी तो रॉयल सोसायटीचा सभासद झाला. त्यानंतर शंभरेक वर्षांनी जर्मनीत हेरमान झेगर याने झिलईच्या तड्यांचा पद्धतशीर अभ्यास केला. अंगात गारगोटीचे प्रमाण वाढवा, ती अधिक बारीक दळा, झिलईत वाळूचा अंश वाढवा, असे त्याचे नियम भट्टीवाल्यांना आजही तोंडपाठ असतात. तात्पर्य, तडा हा दैवाचा खेळ राहिला नाही. अंगाचा आणि त्वचेचा पाककृतीने मेळ घालता येतो, हे झेगरने दाखविले.

आता कुंभाराच्या मातीकडून कारखान्यातील सिरॅमिककडे वळावयाचे आहे. ज्यांना यंत्रोपयोगी सिरॅमिक म्हणतात ते पदार्थ मातीचे नसतात. ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियमचे भस्म. झिर्कोनिया, म्हणजे झिर्कोनियम धातूचे भस्म. सिलिकॉन कार्बाइड आणि सिलिकॉन नायट्राइड, हे त्यांतले प्रमुख. यांची शुद्ध भुकटी दाबून, दीड-दोन हजार अंशांवर भाजून घट्ट करतात. हे पदार्थ गंजत नाहीत, झिजत नाहीत, लोखंड वितळते तेथेही आपला आकार सोडत नाहीत. मोटारीच्या ठिणगी-प्लगमधील पांढरा भाग ॲल्युमिनाचा असतो. ओतीव लोखंड वेगाने कातावयाचे झाले तर सिलिकॉन नायट्राइडची टोके वापरतात; वाळूज आणि चिकलठाणा येथील कारखान्यांमुळे ज्या शहराची अर्धी मंडळी सुट्या भागांच्या धंद्याशी निगडित आहेत, तेथे या टोकाचे महत्त्व सांगण्याची गरज नाही. दंतवैद्य दाढेवर जी पांढरी टोपी बसवितात ती पुष्कळदा झिर्कोनियाची असते. कित्येकांच्या कमरेच्या सांध्यात बसविलेला गोळाही सिरॅमिकचा असतो.

या साऱ्या शूर मंडळींचे एक वैगुण्य आहे. त्यांना आगीची भीती नाही, पण आगीतील फरकाची आहे. एक मीटर लांबीची ॲल्युमिनाची कांब एक हजार अंशांनी तापविली तर सुमारे आठ मिलिमीटरने वाढते. तेवढीच निवली तर तेवढी आक्रसते. तिला मोकळे सोडले तर काही बिघडत नाही. पण दोन्ही टोके धरून ठेवली आणि आक्रसू दिले नाही, तर? ॲल्युमिना मीटरमागे जेमतेम एक मिलिमीटरचा ताण सहन करते, आणि मग मोडते. लोखंड अशा वेळी थोडे वाकते, ओढले जाते, सांभाळून घेते. सिरॅमिकला वाकणे ठाऊक नाही. ॲल्युमिनाचा तापलेला तुकडा पाण्यात बुचकळला आणि दोहोंच्या उष्णतेतील फरक दोनशे अंशांच्या आसपास गेला, तर त्याची ताकद एकाएकी ढासळते. ज्याला दोन हजार अंशांवर वितळावयाचे नाही, तो दोनशे अंशांच्या फरकाने हरतो. हे आकडे ध्यानात ठेवावेत, कारण पुढची सारी कथा त्यांच्यावर उभी आहे.

ही कथा लेसरशी जुळते ती अशी. १६ मे १९६० रोजी अमेरिकेत मालिबू येथील ह्यूज प्रयोगशाळेत थिओडोर मेमन याने जगातील पहिला लेसर पेटविला. त्याच्या गाभ्यात होती एक लहानशी माणकाची कांडी. माणिक म्हणजे दुसरे काय? किंचित क्रोमियम मिसळलेले ॲल्युमिनाचे स्फटिक. म्हणजे जो किरण पुढे सिरॅमिकला छळणार होता, तो सिरॅमिकच्याच पोटी जन्मला. त्या पहिल्या दिवसांत किरणाची शक्ती मोजण्याची गमतीदार रीत होती: दाढीची किती पाती एकावर एक ठेवली असता त्यांना भोक पडते ते मोजावयाचे आणि तितक्या ‘जिलेट’ शक्तीचा लेसर म्हणावयाचे! आपल्याकडेही या बाबतीत फार उशीर झाला नाही. तुर्भे येथील अणुशक्ती केंद्रात १९६४ साली गॅलियम आर्सेनाइडचा लहान लेसर तयार झाला होता.

परंतु सिरॅमिकच्या दृष्टीने खरी महत्त्वाची घटना त्याच वर्षीची, आणि तिचा नायक आपल्याच मुलखात जन्मलेला. चंद्र कुमार नारणभाई पटेल यांचा जन्म १९३८ साली बारामतीचा. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून ते १९५८ साली पदवीधर झाले, स्टॅनफर्ड विद्यापीठात डॉक्टर झाले आणि १९६१ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत रुजू झाले. तेथे त्यांनी कार्बन डायॉक्साइड वायूपासून लेसर निर्माण केला. आपल्या श्वासातून बाहेर पडणारा, सोड्याच्या बाटलीत फसफसणारा हा वायू! आरंभी त्याची शक्ती अगदी क्षुल्लक होती. पटेल यांनी त्यात नायट्रोजन मिसळला, पुढे हेलियमही मिसळला, आणि १९६५ साली शंभर वॅटच्या वर अखंड किरण मिळू लागला. माणकाचा लेसर धडधड ठोके देत असे. हा नळाच्या धारेसारखा वाहत होता. शिवाय दिलेल्या विजेतील मोठा वाटा तो किरणात उतरवीत होता. अमेरिकन सरकारने पटेल यांना १९९६ सालचे राष्ट्रीय विज्ञान पदक दिले. आपल्याकडे बारामती म्हटले की राजकारण, ऊस आणि साखर एवढेच आठवते. त्या यादीत हे एक नाव घालावयास हरकत नसावी.

पटेल यांच्या किरणाची लांबी १०·६ मायक्रॉन आहे. तो डोळ्यांना दिसत नाही. उष्णतेच्या किरणांच्या जातीचा आहे. तांबे किंवा ॲल्युमिनियम यांवर तो पडला तर बहुतेक परत फिरतो. ॲल्युमिना, झिर्कोनिया, काच यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यातील अणूंचे बंध नेमके या प्रकारच्या किरणांनी थरथरू लागतात, आणि जवळजवळ सारा किरण अगदी वरच्या पापुद्र्यात शोषला जातो. ज्या पदार्थावर छिन्नी चालत नाही, कानस चालत नाही, केवळ हिऱ्याच्या भुकटीने जो घासावा लागतो, त्याच्यावर न शिवता काम करणारे हत्यार मिळाले. कारखानदार हर्षभरित झाले तर नवल नाही.

पहिले काम भोके पाडण्याचे आणि कापण्याचे होते. १९६५ साली अमेरिकेतील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत तार ओढण्याच्या हिऱ्याच्या साच्यांना माणकाच्या लेसरने भोके पाडू लागले. तारयंत्रांच्या मंडलांसाठी ॲल्युमिनाच्या पातळ पट्ट्या लागत. त्या कापावयाची पाळी आली तेव्हा तेथेच एक चतुर युक्ती निघाली व ती १९६९ साली प्रसिद्ध झाली. पट्टी वितळवून कापण्याऐवजी लेसरने नुसती एका रेषेत तापवावी. रेषेपुरती उष्णता वाढते, भोवतालचा थंड भाग विरोध करतो, तडा पडतो आणि किरण पुढे सरकेल तसा तो तडा मागोमाग चालत येतो. शत्रूला नोकरीला ठेवण्याचाच हा प्रकार. हत्यार चालविणारांना तडा कसा धावतो हे त्यातून चांगले कळले. पण आता तो पडू नये, असे वाटण्याची वेळ येणार होती.

ती वेळ १९८० च्या सुमारास आली. विमानाच्या जेट यंत्रातील पाती फार तापतात, म्हणून त्यांच्यावर झिर्कोनियाचा पांढरा लेप फवारतात. फवारलेला लेप सच्छिद्र असतो. इंधनातील घाणेरडे क्षार त्याच्या छिद्रांतून आत शिरून धातू कुरतडतात. नासाच्या प्रयोगशाळेत विचार निघाला की लेसर फिरवून या लेपाचा वरचा थर वितळवावा, म्हणजे छिद्रे बुजतील. वस्तुतः ही कल्पना फरशीवाल्याच्या झिलईचीच आहे. मडक्याची छिद्रे बुजवावयास तोही वर काच चढवीत होता. थर वितळला, आरशासारखा चकाकू लागला, छिद्रे बुजली. भिंगाखाली पाहिले तर त्यावर चिरांचे जाळे पसरलेले होते. चिनी महालातील रोग जेट विमानाला लागला.

का लागला? इथे क्षणभर थांबून हिशेब पाहू, कारण या विषयाचे मर्म इथेच आहे. किरण एका बिंदूवर राहतो तो फार तर सेकंदाचा शंभरावा हिस्सा. तेवढ्या वेळात उष्णता ॲल्युमिनात सुमारे पाव-तृतीयांश मिलिमीटर खोल जाते. झिर्कोनिया उष्णतेचा फार कृपण वाहक, त्यात मिलिमीटरचा दहावा भाग. म्हणजे वरची त्वचा दोन हजार अंशांच्या वर रसासारखी झालेली, आणि तिच्या खाली नखाच्या जाडीएवढ्या अंतरावर अंग थंडगार. किरण पुढे सरकला की ही त्वचा सेकंदाला हजारो अंश या वेगाने निवते. घट्ट झाल्यावर तिला मीटरमागे दहा-बारा मिलिमीटर आक्रसावयाचे आहे. खालचे अंग जागचे हलत नाही, कारण ते तापलेच नव्हते. सहन होणारा ताण मीटरमागे एक मिलिमीटर. उत्तर उघड आहे: त्वचा फाटते.

कुंभाराच्या भट्टीत काय होते ते आता आठवावे. तेथे अंग आणि झिलई बरोबर तापतात, बरोबर निवतात. त्यांच्यात जो कलह होतो तो द्रव्ये भिन्न असल्यामुळे, आणि तो झेगरच्या पाककृतीने मिटविता येतो. लेसरखाली द्रव्य एकच आहे. वरही ॲल्युमिना, खालीही ॲल्युमिना. कलह द्रव्याचा नसून काळाचा आहे. एकाला आग लागली त्या वेळी दुसरा झोपलेला होता. म्हणून पाककृती कितीही बदलली तरी हा तडा पुरता जात नाही. लेसरचा जो गुण, म्हणजे हवे तेवढेच तापवावयाचे आणि बाकीच्याला धग लागू द्यावयाची नाही, तोच इथे दोष होऊन बसतो.

याच्या उलट उदाहरण आपण रोज पाहतो. बसच्या खिडकीची काच टणक असते. १८७४ साली फ्रान्समधील द ला बास्ती याने काच टणक करण्याची रीत काढली: सारी काच तापवून तिची त्वचा एकदम थंड करावयाची. त्वचा आधी घट्ट होते, गर्भ मागाहून निवतो आणि आक्रसताना त्वचेला आत ओढून दाबून ठेवतो. दाबलेल्या त्वचेत तडा शिरत नाही. आग सर्वत्र, थंडी फक्त वर, तर बळ. थंडी सर्वत्र, आग फक्त वर, तर तडा. इतक्या थोडक्यात इतका मोठा फरक निसर्गाने ठेवला आहे.

झिर्कोनियाच्या बाबतीत आणखी एक भानगड आहे. हा पदार्थ निवताना सुमारे अकराशे-बाराशे अंशांच्या खाली आपली स्फटिकरचना बदलतो आणि आक्रसण्याऐवजी एकदम शेकडा चार भागांनी फुगतो. शुद्ध झिर्कोनियाचे भांडे या फुगण्याने निवतानाच फुटून भुगा होते. त्यात थोडे इट्रियम किंवा तत्सम भस्म मिसळले, तर ही कूस बदलणे थोपविता येते. १९७५ साली ऑस्ट्रेलियातील गार्वी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की अर्धवट थोपविलेला झिर्कोनिया तर फारच गुणी: तडा येऊ लागला की त्याच्या टोकापाशी स्फटिक फुगतात आणि तडा चिमटीत धरतात. या शोधामुळे झिर्कोनियाला ‘सिरॅमिकमधले पोलाद’ अशी कीर्ती मिळाली. परंतु थोपविलेली गोष्ट ती थोपविलेलीच. उष्णतेचा इतिहास बदलला की स्फटिक पुन्हा उठून बसतात. दंतवैद्यकात झिर्कोनियाच्या टोपीला सिमेंट चांगले धरावे म्हणून तिचा आतला पृष्ठ लेसरने खरखरीत करण्याचे प्रयोग पुष्कळ झाले. त्यांत अनेकांना बारीक तडे आणि बदललेले स्फटिक आढळले आहेत. तोंडातल्या वस्तूच्या बाबतीत ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हे.

यात किती गंभीर परिणाम दडलेले असू शकतात, हे एका प्रसंगाने जगाला कळले. तो लेसरचा प्रसंग नाही, भट्टीचा आहे. पण आगीची रीत बदलल्याने काय होते हे त्याहून स्पष्ट दाखविणारा दुसरा मला ठाऊक नाही. झिर्कोनियाचे गोळे कमरेच्या सांध्यात बसविणे १९८५ च्या सुमारास सुरू झाले आणि लाखो रुग्णांना ते बसविले गेले. एका फ्रेंच कारखान्याने १९९८ साली आपली जुनी भट्टी, जिच्यात एक घाणी भरून, तापवून, निववून मग बाहेर काढावयाची असे, ती सोडून नवी बोगद्यासारखी भट्टी आणली. तिच्यातून माल एका टोकाने शिरून दुसऱ्या टोकाने अखंड बाहेर पडतो. द्रव्य तेच, साचा तोच, तपासणीही तीच. बाहेरून पाहता गोळ्यांत काही फरक नव्हता. पण काही घाण्यांमधील गोळ्यांचा गर्भ पुरेसा घट्ट झाला नव्हता. शरीरातील ओलाव्याने तेथील स्फटिक कूस बदलू लागले आणि अल्पकाळात सुमारे चारशे गोळे माणसांच्या शरीरातच फुटले. ऑगस्ट २००१ मध्ये माल परत बोलाविण्यात आला. ज्यांचे गोळे फुटले त्यांना पुन्हा शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागले. त्यानंतर शुद्ध झिर्कोनियाच्या सांध्यांवरील शल्यचिकित्सकांचा विश्वास पुन्हा पूर्ववत् बसला नाही. उत्पादन जलद व्हावे म्हणून केलेला एक बदल, आणि त्याची किंमत कोणी दिली? कारखान्याचे तोंडही न पाहिलेल्या म्हाताऱ्या माणसांनी.

म्हणून लेसरच्या प्रयोगांची जी वर्णने प्रसिद्ध होतात ती मी थोडी जपून वाचतो. सिलिकॉन नायट्राइडचेच घ्या. हा पदार्थ साध्या हवेच्या दाबाखाली वितळत नाहीच. सुमारे एकोणीसशे अंशांवर त्याचे विघटन होऊन नायट्रोजन उडून जातो, सिलिकॉन मागे राहते, आणि हवेतील प्राणवायू लागला की त्याची काच बनते. लेसर फिरविल्यावर पृष्ठ किंचित मऊ पडतो पण तडा सोसण्याची शक्ती वाढते, असे निष्कर्ष काहींनी काढले आहेत. ते खोटे आहेत असे नाही. परंतु ही शक्ती बहुधा हिऱ्याचे टोक दाबून, कोपऱ्यांतून निघालेल्या चिरांची लांबी मोजून काढलेली असते, आणि या मोजणीवर जाणत्यांनीच २००७ च्या सुमारास कडक टीका केली आहे. वरचा थर काचेचा, खालचा वेगळा, मध्ये उरलेला ताण वेगळाच. अशा वस्तूत चीर आखूड निघाली म्हणजे वस्तू बळकट झाली असे लगेच म्हणता येत नाही. तुकडा मोडून पाहावा, शंभर वेळा तापवून निववून पाहावा आणि मग बोलावे.

उपाय मुळीच नाहीत असे मात्र नाही. पहिला आणि सर्वांत खात्रीचा उपाय ऐकून कुंभाराला हसू येईल: लेसर फिरविण्यापूर्वी सारा तुकडा भट्टीत घालून हजार अंशांच्या पुढे तापवून घ्यावा, तापलेल्या स्थितीतच त्यावर किरण फिरवावा आणि मग सावकाश निवू द्यावा. त्वचा आणि अंग यांतील अंतर कमी झाले की हिशेबातले बारा मिलिमीटर दोन-तीनांवर येतात, आणि अशा तापलेल्या सिरॅमिकला थोडे सरकून घेण्याची सवडही मिळते. या रीतीने तडे पुष्कळ कमी होतात असा अनेकांचा अनुभव आहे. पण मग हवे तेवढेच तापविण्याची मौज राहिली कोठे? थंड सुट्या भागावर पाहिजे तेथे किरण टाकावा या आशेने लेसर आणला, आणि शेवटी त्याला भट्टीच्या दारात नेऊन बसवावा लागला. दुसरा उपाय दोन किरणांचा: एक पसरट आणि सौम्य किरण पुढे चालून जागा तापवितो, दुसरा बारीक आणि प्रखर किरण तिला वितळवितो. तिसरा उपाय लेपात दुसरे भस्म मिसळण्याचा, म्हणजे झेगरच्या पाककृतीचाच नवा पाठ.

चौथा मार्ग मला सर्वांत अर्थपूर्ण वाटतो. जेट यंत्राच्या लेपांवर प्रयोग करणारांच्या ध्यानात आले की सारे तडे सारखे वाईट नसतात. पृष्ठभागाला समांतर जाणारा तडा घातकी. तो लेपाला खालून सोडवितो आणि एक दिवस पापुद्रा उडून जातो. पण वरून सरळ खाली उतरणारा उभा तडा लेपाचे लहान लहान चौकटींत तुकडे करतो. खालचा धातू तापून फुगला की या चौकटी किंचित विलग होतात, निवला की पुन्हा जवळ येतात. अशा उभ्या तड्यांचा लेप पुष्कळ चाचण्यांत अधिक टिकला. म्हणून आता किरणाचा वेग आणि शक्ती अशी राखावयाची की तडे पडावेत, पण उभेच पडावेत आणि ठराविक अंतरावर पडावेत, असा प्रयत्न चालू असतो. सोंग काळातील कुंभार चिरांचे अंतर झिलईच्या जाडीवरून राखीत असे: पातळ झिलईला दाट जाळे, जाड झिलईला विरळ. लेसरने वितळलेल्या थरातही तोच नियम चालतो. थर जितका जाड, तितके दोन चिरांतील अंतर अधिक.